आप्पांचं दूध आणि शेवयांचं पाणी

आप्पांनी दूध सोडलं ते जिल्ह्यासाठीच्या आंदोलनाच्या भर मंडपात, माईकवर. मी तेव्हा घरी परसात भांडी घासत होते. घासत होते म्हणजे राखेनं पुसत होते, कारण त्या वर्षी विसळायला पाणी नव्हतं. मंडपातला आवाज आमच्या गल्लीपर्यंत यायचा. "उदगीर जिल्हा हुईपर्यंत मी दुधाला, दह्याला, ताकाला, तुपाला शिवणार न्हाई," असं आप्पा म्हणाले आणि टाळ्या पडल्या. आप्पा म्हणजे माझे सासरे. अडत बाजारात त्यांचं जुनं दुकान आणि त्यांच्या शब्दाला वजन. टाळ्या ऐकल्या आणि मी हातातली कढई खाली ठेवली. शपथ त्यांनी घेतली होती, पण ती पाळायची कुणी, हे मला तिथंच कळून चुकलं.

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आमच्या बाजारात तेवढंच बोलणं चाले: लातूर जिल्ह्याचं गाव, म्हणून त्याला आगगाडी, आपण तालुका, म्हणून आपण टँकरची वाट बघायची. जिल्हा झाला असता तर... पुढचं वाक्य कुणी पुरं करत नसे. जिल्हा झाला असता तर ढग काय इकडं वळले असते? एकदा मी हे आमच्या ह्यांना बोलून दाखवलं. "तुला त्यातलं काय कळतंय," म्हणाले आणि दुकानाला गेले.

मंडपात बाकीच्यांनीही काही काही सोडलं होतं. एकानं चप्पल सोडली, एकानं गोड सोडलं, एकानं दाढी करणं सोडलं. त्या दाढीवाल्याच्या बायकोचा मला फार हेवा वाटायचा. तिला काही त्रास नाही, उलट तांब्याभर पाणी वाचलं असेल. आप्पांना सोडायला सापडलं ते नेमकं दूध.

आमचं घर लिंगायतांचं. अंडं-मांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक नाही, त्यामुळं जे काही चांगलंचुंगलं ते दुधाचंच. त्यात आप्पांचे वरचे दात सगळे गेलेले. कवळी करून आणली होती, ती टोचते म्हणून डबीत घालून ठेवलेली. त्यामुळं भाकरी ताकात कुस्करायची, भात दह्यात कालवायचा, शेंगाची चटणीसुद्धा दह्यात, वरणावर तूप. यातलं दूध काढून घेतलं तर ताटात काय उरतं ते माझं मला दिसत होतं. पहिले काही दिवस वरणात भाकरी झाली. मग "रोज रोज वरण का?" झालं. मग ताट पुढं सरकवून "भूक न्हाई" सुरू झालं. पूजेला बसले की पाठीची हाडं दिसायला लागली. शर्टाच्या कॉलरमध्ये मान ढिली पडली.

आमचे हे म्हणाले, "तू बघ काहीतरी." हे वाक्य आमच्या घरी नेहमी माझ्याच पदरात पडतं. आप्पांनी शपथ मोडली तर बाजारात तोंड दाखवता येणार नाही, आणि पाळली तर अशा अंगावर पावसाळा बघता येणार नाही, अशी सगळी गत होती. दोन्हीच्या मधे मी, माझा गॅस आणि रिकाम्या घागरी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

माझं माहेर नांदेड. माहेरची एक गोष्ट सासरी कुणाला ठाऊक नव्हती. माझ्या भावानं कॉलेज सोडून दोन-तीन वर्षं चायनीजची गाडी लावली होती, शुद्ध शाकाहारी. दुपारभर घरी बसून त्याचा कोबी मीच चिरायचे. आलं-लसूण किती बारीक, सॉस कधी घालायचा, कढई किती तापवायची, सगळं त्यानं मला रागावून रागावून शिकवलं होतं. लग्न ठरताना मात्र "भावाचं हॉटेल हाय" एवढंच सांगितलं गेलं. ते बरंच झालं, कारण चौकातल्या गाडीसमोरून जाताना आप्पा नाकाला उपरणं लावायचे. "असलं खाल्लं तर गळ्यातलं लिंग काढून ठिवावं लागंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आप्पांचं खाणं तुटलं तेव्हा मी भावाला फोन केला. तो आधी पोट धरून हसला. "तुझा सासरा व्हीगन झाला की गं! पुण्या-मुंबईला लोक हौसेनं होतात." मग म्हणाला, "अगं, चायनीज कर. त्याच्यात दुधाचा थेंब नसतोय. दात बी लागत न्हाईत, सूप कर."

तुझं काय जातंय सांगायला, असं मनात म्हणत मी लागले. पहिल्या दिवशी कॉर्नफ्लोअर नव्हतं म्हणून ज्वारीचं पीठ लावलं. आप्पांनी वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, "आंबील हाय की. ताक घालायचं इसरलीस काय?" मग स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळले आणि वाटी खाली ठेवली. दुसऱ्या खेपेला मी कॉर्नफ्लोअर आणलं, सोया सॉस आणला, व्हिनेगर आणलं. बाटल्या ठेवायला जागा एकच होती. ताकाचा माठ रिकामा पडला होता, त्याच्यात ठेवल्या आणि वर ताट झाकलं.

कोबी, गाजर, आलं, लसूण, हिरवी मिरची, सगळं बोटाच्या पेरावर मावेल इतकं बारीक. वर सॉस, शेवटी कॉर्नफ्लोअरचं पाणी, आणि तळलेल्या शेवया चुरून. मी वाटी पुढं ठेवली. "काय हाय?" त्यांनी विचारलं. "कोबीचं सार," मी म्हटलं. आप्पांनी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला आणि वाटी पुसून काढली. "बरं हाय. नांदेडकडं असं करतेत का?" मी म्हटलं, "हाव." खोटं नव्हतं ते.

इथं सगळं सुरळीत झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. माणसाला रोज तेच सार कसं द्यायचं? नूडल्स करायचं ठरवलं. बाजारच्या पाकिटात काय काय असतं त्याचा भरवसा नाही म्हणून घरच्या शेवया घेतल्या. घरच्या शेवया म्हणजे अव्वांच्या हातच्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. दर उन्हाळ्यात पाटावर बसून त्या शेवया वळायच्या, केसासारख्या बारीक. त्या वर्षी पाणीच नसल्यानं कुरडयाही नाहीत आणि शेवयाही नाहीत. मागच्या साली केलेला मोठा डबा तेवढा होता. अव्वांनी तो न बोलता फळीवरून काढून दिला.

शेवया उकडायला पातेलंभर पाणी लागतं. पाणी उकळायचं, शेवया टाकायच्या, गाळायच्या, वरून गार पाण्याचा हबका मारायचा, म्हणजे मोकळ्या होतात. भावाच्या गाडीवर हे पाणी सरळ नालीत जायचं. इथं मी पातेलं उचललं आणि अव्वांनी माझं मनगट धरलं.

"काय करून राहिलीस?"

"पाणी टाकते, अव्वा. गाळलेलं आहे."

"टाकती? नळ येऊन किती दिस झाले, हिशेब हाय का तुला?" त्यांनी पातेलं माझ्या हातातून घेतलं. पुरणाच्या डाळीचं पाणी काढून त्याची आमटी करतात, तिला आमच्याकडं येळवणी म्हणतात. अव्वांनी शेवयांच्या त्या पांढरट पाण्याची येळवणी केली. जिरं, लसूण, काळा मसाला, चिमूटभर मीठ. मी तर कपाळाला हात लावला. आप्पांसाठी नूडल्स आणि अव्वांसाठी नूडल्सचं पाणी! त्या भाकरी त्याच्यात कुस्करून खात बसल्या. पुढं हा नेमच झाला. मी शेवया उकडल्या की अव्वा पातेलं घेऊन उभ्या. "कुठं सांडू नगंस हां." मला त्या चिकटपणाचा राग यायचा. जेवायला वाढलेलं सोडून हे काय पाणी पीत बसायचं, असं वाटायचं. मी त्यांना साराची वाटी द्यायचे, तर "नगं, आप्पाला ठेव" म्हणायच्या.

एके दिवशी भावानं फोनवर टोफूचं सांगितलं. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, दूध काढायचं, लिंबानं फाडायचं, की पनीरसारखं घट्ट होतं. मला फार हुरूप आला. सोयाबीनची तर आमच्या दुकानात थप्पी. जन्मभर आप्पांनी सोयाबीन घेतलं, विकलं, त्याच्या भावावरून भांडणं केली, पण एक दाणा कधी घरात शिजला नव्हता. मी साठवलेलं पाणी त्याच्यावर ओतलं. भिजवायला पाणी, सालं काढायला पाणी, वाटायला पाणी. गाळताना हात भरून आले. लिंबू पिळल्यावर दूध फाटलं तेव्हा मला इतका आनंद झाला, जसं काही मीच नवा जिल्हा केला. फडक्यात बांधलं, वर पाटा ठेवला, संध्याकाळी चौकोनी तुकडे पाडून लाल रश्श्यात सोडले.

आप्पांनी तुकडा चमच्यावर घेऊन उजेडाकडं धरला. "पनीर हाय हे."

"नाही आप्पा. सोयाबीनचं आहे. आपल्याच दुकानातलं."

"कसं केलीस?"

मी सांगितलं. "सोयाबीनचं दूध काढलं," असं मी म्हणाले आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता.

"दूध म्हनतीस. फाडलं म्हनतीस. पांढरं बी हाय. मग दूधच की हे. उद्या कुणी बघितलं तर काय म्हणंल? आप्पा घरात पनीर खाऊन राहिलाय." त्यांनी ताट सरकवलं. "अन् सोयाबीनची ढेप जनावराला जातीय. माणसानं कशाला खायाचं?"

मी रागानं अव्वांच्या ताटात तुकडे वाढले. "निदान तुम्ही तरी खा." अव्वांनी आप्पांकडं बघितलं आणि तुकडे कडेला सारले. "त्यांनी दूध म्हटलंय न्हवं. ऱ्हाऊ दे." मी मोरीत जाऊन उभी राहिले, रडायला. रडायला तरी पाणी कुठून आलं कुणास ठाऊक. दोन दिवसांचं पाणी गेलं आणि ते तुकडे मी एकटीनं खाल्ले. मीठ कमी पडलं होतं.

उन्हं वाढली तशी आप्पांना मंडपात डबा जायला लागला. डब्यात सार, कधी मंचुरियनचे गोळे रश्श्यात बुडवून मऊ केलेले. एका दुपारी आमचे हे घरी आले ते तोंड पाडूनच. मंडपात एका तरण्या कार्यकर्त्यानं आप्पांच्या डब्यात डोकावून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "आप्पा, हे तर मंचाव सूप हाय! चौकात गाडीवर मिळतंय ते!" आता हा डबाही बंद होणार आणि माहेरचा उद्धारही होणार.

आप्पा संध्याकाळी आले. पाय धुवायचे ते पुसले, भस्म लावलं, पूजा केली, पानावर बसले. मी सार वाढलं नाही. "सार कुठाय?" म्हणाले. मी वाढलं. प्यायले. उठताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते काळं पाणी जरा कमी घालत जा. जीभ काळी हुतीया." बस्स. मंडपात त्यांनी काय उत्तर दिलं ते मला नंतर कळलं. "मंचाव-बिंचाव मला ठाऊक न्हाई. माझ्या सुनेचं कोबीचं सार हाय," असं म्हणून त्यांनी डबा चाटून पुसून संपवला होता. वर दुसऱ्या दिवशी मंडपातली चार माणसं घेऊन आले, सार चाखवायला! "शरणार्थ, तायी," असा नमस्कार करत माणसं ओळीनं बसली. मी टँकरच्या रांगेतून नुकतीच आलेली, पदर ओला, पायाला चिखल. त्यांनी वाट्या भरून भरून सार प्यायलं आणि आप्पांच्या त्यागाबद्दल बोलत राहिले. दुधावाचून माणूस कसा तगतो, मनाचा निग्रह पाहिजे, असलं सगळं. निग्रह! त्या निग्रहाला रोज आलं-लसूण सोलून सोलून माझी नखं पिवळी पडली होती. पडवीत अव्वा सगळ्यांच्या मागून जेवायला बसल्या होत्या, शेवयांचं पाणी आणि भाकरी घेऊन. मीच तर वाढलं होतं.

एक मेला जिल्हा जाहीर होणार, असं सगळे छातीला हात लावून सांगत होते. एक मे आला आणि गेला. आता पंधरा ऑगस्टला नक्की, असं ठरलं. चप्पल सोडलेले डॉक्टरनं सांगितलं म्हणून चप्पल घालू लागले. गोड सोडलेले एका लग्नात जिलेबी खाताना दिसले. दाढीवाल्याच्या घरी सोयरीक निघाली म्हणून त्यानं दाढी केली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मला वाटलं, आता आमचेही सुटतील. उलट ते आणखी ताठ झाले. "बाकीच्यानं सोडलं म्हणून मी बी सोडू? मग माझ्या शब्दाला काय ऱ्हायलं?"

शाळा सुरू झाली तरी पाऊस नव्हता. टँकर आला त्या दिवशी मी माझ्या पोरीला शाळेतून आणायला गेले होते. अव्वा माझी वाट न बघता घागर घेऊन गेल्या. टँकरच्या नळीखाली चिखल झाला होता. भरलेली घागर उचलताना त्यांना भोवळ आली आणि त्या हातावर पडल्या. गल्लीतल्या बायकांनी आणून पडवीत बसवलं तेव्हा मनगट सुजून तव्यावरच्या भाकरीसारखं झालेलं. पण त्यांची घागर कुणीतरी भरून आणली होती आणि त्यांचं लक्ष त्या घागरीवर.

दवाखान्यात आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरीणबाईंनी हाताचा फोटो बघितला, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. "हाड मोडलंय. वय झालं की मोडतं. पण अंगात रक्त एवढं कमी कसं? आजी, रोज काय जेवता?"

"भाकरी."

"भाकरी कशाबरोबर?"

"शेवयाच्या पाण्यासंगं."

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दूध, दही, ताक काही घेत नाही का?"

"ह्यांनी सोडलंय न्हवं का," अव्वा म्हणाल्या. जसं काही हे सगळ्या उदगीरला ठाऊक असायला पाहिजे होतं.

आप्पा दाराजवळ उभे होते. "मी सोडलं," ते म्हणाले. "तू कधी सोडलंस?"

"तुम्ही सोडलं तवाच की. तुमच्या पानात न्हाई ते माझ्या पानात कसं यील?"

मला तिथल्या तिथं सगळं दिसलं. अव्वा रोज प्यायच्या तो काळा चहा; दूध पुरावं म्हणून तसा पितात, असं मी समजत होते. कडेला सारलेले ते तुकडे. रोज हातात धरलेलं ते पातेलं. त्यांना दुसरं ओलं कालवण नव्हतंच. सार होतं ते आप्पांचं. मला सगळ्यांचा राग आला. आप्पांचा आला, मंडपाचा आला, अव्वांचा तर सगळ्यात जास्त आला. एका शब्दानं बोलायला काय झालं होतं? आणि घरात तीन मोठी माणसं, एकालाही दिसू नये?

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि दूध दोन वेळा घ्यायला सांगितलं. घरी आल्या आल्या मी पेला भरून आणला. अव्वांनी मान हलवली. आप्पा म्हणाले, "मी सांगून राहिलो, घे." अव्वा म्हणाल्या, "तुम्ही घ्या, मग मी घीन."

"मी शपथ घेतलीया."

"मी कुठं मोडा म्हनतीया?" पेला तसाच गार झाला.

मग मी म्हटलं, सोयाबीनचं दूध काढते. ते तर शपथेत नाही. अव्वा शांतपणे म्हणाल्या, "ते बी दूधच म्हनले होते की हे." आप्पांनी त्या दिवशी दिलेला निकाल आता त्यांच्याच गळ्यात आला होता. मला एरवी हसू आलं असतं. मी पेला घेऊन आत गेले आणि दूध पोरीला पाजलं.

दोन-तीन दिवस असेच गेले. आप्पा मंडपात गेले नाहीत. सारही अर्धंच प्यायचे. अव्वांना मी हातानं भरवायचे तेव्हा ते दुसरीकडं तोंड करून बसायचे. पोरीनं एकदा विचारलं, "आजोबा, जिल्हा झाला की आजीचा हात बरा होईल का?"

मग एका सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, उपरणं घेतलं आणि मला म्हणाले, "माझ्यासंगं चल."

"डबा भरू?"

"डबा नगं."

मंडपात बायका जात नसत. मी पदर घेऊन मागं उभी राहिले. दहा-बारा माणसं सतरंजीवर बसली होती. मागं फळ्यावर आप्पांचं नाव आणि त्यापुढं मोठ्या अक्षरात 'दूधत्याग'. "शरणार्थ आप्पा, या, या," म्हणत लोकांनी जागा केली. आप्पा बसले. समोरच्या हॉटेलातून चहा आला होता, दुधाचा. ट्रे त्यांच्यासमोरून सवयीनं पुढं सरकला तसा आप्पांनी हात घालून एक कप उचलला.

"आप्पा, दुधाचा हाय तो!"

"ठाऊक हाय," आप्पा म्हणाले.

आणि प्यायले. फुंकर न मारता, एका दमात. मला वाटलं, आता काही सांगतील, घरचं कारण सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही. कुणीतरी मागून हसलं. तो मंचाववाला म्हणाला, "चला, आप्पांचा जिल्हा झाला!" त्यावर आणखी दोघं हसले. ज्याच्या शब्दावर बाजारात गाड्या रिकाम्या व्हायच्या तो माणूस तिथं कप हातात धरून बसला होता. कप ठेवायला त्यांना जागा सापडेना. मी पुढं जाऊन तो घेतला.

परत येताना मी त्यांच्या मागं चालत होते. कारण तरी सांगायचं होतं, असं मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं. शपथ घेताना माईक लागला आणि मोडताना तोंड उघडलं नाही. पण त्यांची मान बघून मी गप्प बसले.

घरी आल्यावर ते चप्पल न काढताच पडवीत गेले. "पिलो," अव्वांना म्हणाले. "मंडपात पिलो. सगळ्यासमोर. आता पी."

अव्वांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मिशीला चहा लागलेला होता. मग त्यांनी डावा हात माझ्याकडं केला. मी दूध दिलं. त्यांनी ते सगळं पिऊन टाकलं, अगदी मंडपात आप्पांनी प्यायलं तसंच. आप्पा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

मला राहवलं नाही. "अव्वा, एवढे दिवस बोलला का नाही हो? मी तुमच्यासाठीही काहीतरी केलं असतं की."

"तू इचारलीस का?" अव्वा म्हणाल्या. रागानं नाही, सहज. "रोज इचारायचीस, 'आप्पा, कसं झालंय?', 'आप्पा, तिखट झालं का?' मला कुणी इचारलं?"

दुसऱ्या दिवशी मी साराची पहिली वाटी अव्वांच्या पुढं ठेवली. त्यांनी एक घोट घेतला आणि नाक मुरडलं. "ह्याला कसला तरी आंबूस वास येतोय गं. मला पहिल्यापासून आवडत न्हाई." एवढे महिने चिरलेला तो कोबी माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मी वाटी उचलली. "मग काय करू तुमच्यासाठी? सांगा."

अव्वा कितीतरी वेळ विचार करत बसल्या. आवडीचं काय ते त्यांना आठवावं लागत होतं. मग प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, "शेवया कर. दुधातल्या. गूळ घालून."

मी फळीवरून डबा काढला आणि झाकण उघडलं. त्यांच्या हातच्या वर्षभराच्या शेवया मी आप्पांच्या नूडल्समध्ये संपवल्या होत्या. मला तशा वळता येत नाहीत, आणि त्यांचा हात मोडलेला. डबा उलटा करून ठोकला तेव्हा ताटात मूठभर चुरा पडला.